मुलांच्या कार्टूनला आईबाबा कधी हसतात आणि कधी मोबाईल काढतात

२०२४ मध्ये 'इनसाइड आउट २' आला आणि जगभरातून १६० कोटी डॉलरच्या वर गल्ला जमवून गेला, तोवर कुठल्याच ॲनिमेशन सिनेमाने एवढे पैसे कमावले नव्हते. पुढच्याच वर्षी चीनच्या 'नेझा २'ने तो आकडाही मागे टाकला आणि २०० कोटी डॉलरच्या पुढे गेला. त्याच २०२५ मध्ये आपल्याकडे जपानी कार्टूनमधल्या खोडकर शिनचॅनचा सिनेमा थिएटरला लागला, ज्यात तो आणि त्याचे मित्र चक्क भारतात येतात. आता ही सगळी तिकिटं सात-आठ वर्षांच्या पोरांनी स्वतःच्या पैशाने काढलेली नाहीत हे उघड आहे, सोबत कोणीतरी मोठं माणूस गेलं, दोन तास बसलं, आणि कितीतरी मोठी माणसं तर घरात लहान मूल नसताना गेली. तरी घराघरांत वाक्य अजून तेच, "एवढा घोडा झालास आणि अजून कार्टून बघतोस?"

तर प्रश्न असा की मुलांसाठी बनवलेली विनोदी ॲनिमेशन मोठ्यांनाही खरोखर समाधान देऊ शकतात का, म्हणजे मुलासाठी म्हणून सोबत बसणं वेगळं, मी विचारतोय ते मूल झोपल्यावरही पुढचा भाग बघावासा वाटेल का असं. माझं उत्तर हो आहे. पण त्यासाठी सगळ्यांना जो मार्ग पहिल्यांदा सुचतो, की मुलांच्या गोष्टीत मधूनमधून मोठ्यांचे जोक पेरायचे, तो सगळ्यात कच्चा मार्ग आहे असं मला वाटतं. पक्का मार्ग दुसराच आहे आणि तो कळायला जरा मागे जावं लागेल.

कार्टून मुळात मुलांचं होतं का?

नव्हतं. आपल्याला टॉम अँड जेरी टीव्हीवर भेटले, १९९५ मध्ये कार्टून नेटवर्क भारतात आलं आणि मग केबलवाल्या प्रत्येक घरात हे उंदीर-मांजर दिवसभर धावायला लागले, त्यामुळे ते मुलांसाठीच बनवलेत असं आपण धरून चालतो. पण विल्यम हॅना आणि जोसेफ बार्बेरा यांनी ही जोडी १९४० मध्ये एमजीएम स्टुडिओसाठी बनवली ती थिएटरसाठी. तेव्हा अमेरिकेत सिनेमाला गेलं की मुख्य सिनेमाच्या आधी बातम्यांची फिल्म आणि एखादं सात-आठ मिनिटांचं कार्टून दाखवायचे. प्रेक्षकांत कामावरून आलेले लोक, जोडपी, म्हातारी माणसं, मुलं, सगळेच. बग्ज बनी आणि डॅफी डकचे लूनी ट्यून्सही तसेच, त्यात त्या काळातल्या हॉलिवूड नटांच्या नकला असायच्या ज्या सहा वर्षांच्या मुलाला कळणं शक्यच नव्हतं. टॉम अँड जेरीला सात ऑस्कर मिळालेत, आणि ते मुलांच्या कुठल्या वेगळ्या गटात मिळालेले नाहीत.

मग कार्टून मुलांचं कधी झालं? तर टीव्हीमुळे. थिएटरमधलं कार्टून महाग पडायला लागलं, १९५७ मध्ये एमजीएमने आपला कार्टून विभाग बंद केला, हॅना आणि बार्बेरा टीव्हीकडे वळले. तिथे पैसा कितीतरी कमी आणि मिनिटं कितीतरी जास्त. म्हणून त्यांनी 'लिमिटेड ॲनिमेशन'वर भर दिला, म्हणजे पूर्ण चित्र पुन्हा पुन्हा काढायचंच नाही, अंग स्थिर ठेवून फक्त तोंड आणि डोळे हलवायचे, मागचं झाड-घर-झाड-घर तेच परत फिरवायचं. योगी बेअरच्या गळ्यात कॉलर आणि टाय का असतो माहितीये? त्या कॉलरमुळे डोकं वेगळं काढून धडावर बसवता यायचं, जोड दिसायचा नाही, धड एकदाच काढलं की झालं. अस्वलाला टाय हा विनोद म्हणून छानच वाटतो पण त्यामागे हिशेब होता.

गंमत म्हणजे तेव्हाही ते सगळं मुलांसाठीच होतं असं नाही. १९६० मध्ये आलेलं 'द फ्लिंटस्टोन्स' रात्रीच्या मुख्य वेळेत लागायचं आणि सुरुवातीला त्याची एक प्रायोजक चक्क सिगरेट कंपनी होती, जाहिरातीत फ्रेड आणि बार्नी सिगरेट ओढताना दिसायचे. साठच्या दशकात पुढे अमेरिकन चॅनेलांनी शनिवारची सकाळ कार्टूनला देऊन टाकली, खेळणी आणि नाश्त्याच्या कॉर्नफ्लेक्ससारख्या पदार्थांच्या जाहिराती मुलांपर्यंत पोचवायला ती वेळ बरोबर होती. मोठी माणसं त्या वेळी टीव्हीसमोर नसायचीच, मग त्यांच्यासाठी लिहायचं कोणी आणि कशाला. म्हणजे "कार्टून म्हणजे मुलांचं" ही समजूत चित्रांमुळे झालेली नाही, टीव्हीच्या वेळापत्रकामुळे झालेली आहे.

मूल कशाला हसतं आणि मोठा माणूस कशाला?

पॉल मॅकगी नावाच्या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये मुलांच्या विनोदबुद्धीवर एक पुस्तक लिहिलं, त्यातली मूळ कल्पना सोपी आहे. हसू येतं ते विसंगतीतून, म्हणजे असायला हवं एक आणि समोर दिसतंय भलतंच. दीड-दोन वर्षांचं पोर डोक्यावर पातेलं घालतं आणि खिदळतं, कारण पातेलं डोक्यावर नसतं एवढं त्याला नुकतंच कळलेलं असतं. मग ते मुद्दाम कुत्र्याला "म्याऊ" म्हणायला लागतं. सातेक वर्षांच्या आसपास शब्दाचे दोन अर्थ पकडता यायला लागतात, तेव्हा घरात कोडी आणि पाणचट जोकांचा पूर येतो, ज्यांच्या घरात दुसरी-तिसरीतलं मूल आहे त्यांना सांगायला नको. टोमणा, तिरकस बोलणं, माणूस बोलतोय एक आणि त्याच्या मनात आहे दुसरंच, हे सावकाश आणि नंतर येतं.

यात महत्त्वाची गोष्ट अशी की नवीन प्रकारचं हसू शिकलं म्हणून जुनं जात नाही. पन्नाशीचा माणूसही दुसऱ्याचा पाय घसरला की आधी हसतो आणि मग "लागलं का हो" विचारतो. त्यामुळे पडापडीचा विनोद मोठ्यांना आवडत नाही हे खरं नाही. मोठ्यांना कंटाळा येतो तो पुढचं आधीच दिसायला लागलं की. मुलाचं नेमकं उलटं असतं, त्याला पुढे काय होणार हे माहीत असणं हवंच असतं, म्हणून तोच भाग वीस वेळा लावायचा आणि विसाव्यांदाही त्याच जागी हसायचं. खरा झगडा इथे आहे. एकाला तेच हवंय आणि दुसऱ्याला नवीन, आणि सोफा एकच आहे.

डोक्यावरून जाणारे जोक

यावर निघालेला पहिला उपाय म्हणजे एकाच सिनेमात दोन वेगळ्या गोष्टी बोलायच्या. बार्बरा वॉल या बालसाहित्याच्या अभ्यासक आहेत, त्यांनी १९९१ मध्ये मुलांच्या पुस्तकांबद्दल एक फरक दाखवला तो इथे फार कामाला येतो. एक प्रकार असा की लेखक गोष्ट सांगतो मुलाला पण मुलाच्या डोक्यावरून मोठ्यांना डोळा मारतो. दुसरा प्रकार असा की तो दोघांशी एकाच वाक्यात, एकाच वेळी बोलतो, आणि दोघांनाही तितकंच मानाने वागवतो. पहिला प्रकार आपण सगळे घरात करतो, मुलांसमोर एखादी गोष्ट बोलायची नसली की आईबाबा पटकन इंग्रजीत सुरू होतात. मुलाला शब्द कळत नाहीत पण आपल्याला वगळलंय हे शंभर टक्के कळतं.

'श्रेक' हे पहिल्या प्रकाराचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण. श्रेक नावाच्या हिरव्या राक्षसाचा हा २००१ चा सिनेमा, आणि पूर्ण लांबीच्या ॲनिमेशन सिनेमासाठी ऑस्करचा वेगळा गट सुरू झाला तेव्हा पहिलं बक्षीस यालाच मिळालं. त्यातला लॉर्ड फारक्वाड हा बुटका खलनायक, त्याचा भलाथोरला उंच किल्ला बघून श्रेक जो शेरा मारतो त्याला मुलं उंचीवरून हसतात आणि आईबाबा भलत्याच कारणाने. हा जोक चांगला जमलाय कारण मुलाच्या हातीही काहीतरी लागतं. पण 'श्रेक'च्या यशानंतर पुढची कितीतरी वर्षं हॉलिवूडमध्ये याचाच रतीब सुरू झाला, प्रत्येक बोलणारा प्राणी कुठल्यातरी सिनेमाची नक्कल करणार, चालू गाण्यावर शेवटी सगळे नाचणार, आणि थोडासा चावटपणा.

याचा तोटा असा की हे जोक शिळे होतात. 'श्रेक'मध्येच राजकन्या फियोना जंगलात मारामारी करताना हवेत उडी मारून मध्येच थांबते, तेव्हाच्या एका गाजलेल्या ॲक्शन सिनेमाची ती नक्कल होती. आजच्या मुलाने तो सिनेमा बघितलेला नसतो, त्याच्या दृष्टीने त्या नकलेला काही अर्थच नाही. पण तरी तो सीन आजही चालतो, कारण हवेत थांबल्यावर फियोना आधी आपले केस नीट करते आणि मग लाथा मारते. नक्कल मेली, केस नीट करणं जिवंत राहिलं! राजकन्येने कसं दिसावं याबद्दल जे काही आपल्या डोक्यात असतं ते आणि तिच्या लाथा, दोन्ही एका क्षणात समोर येतं आणि त्याला कुठली आधीची माहिती लागत नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की हे दुसऱ्या जातीचं हसू आहे आणि टिकतं तेच.

एकच जोक, दोघांसाठी

आता शिनचॅनकडे येतो, कारण या विषयावर त्याच्याइतकं चांगलं उदाहरण माझ्याकडे दुसरं नाही.

हिंदी डबिंगमधून आपल्या घरात आलेला शिनचॅन ज्यांनी बघितलाय त्यांना त्याचे बाबा हॅरी चांगले माहीत असतील, मूळ जपानी नाव हिरोशी नोहारा. पस्तिशीतला नोकरदार, घराचं कर्ज तीस-बत्तीस वर्षं फेडायचं राहिलंय, रोज लोकलने ऑफिसला जातो, बायको पगाराचा हिशेब ठेवते आणि खर्चाला मोजून देते. आणि त्याच्या मोज्यांना भयंकर वास येतो. हा मोज्यांचा वास म्हणजे या मालिकेतला कायमचा जोक, बाबा घरी आले, बूट काढले, की कोणीतरी बेशुद्ध पडणार. चार वर्षांच्या मुलालाही हे कळतं, घाण वासाच्या जोकाला वय लागत नाही.

२००१ मध्ये जपानमध्ये शिनचॅनचा एक सिनेमा आला, दिग्दर्शक केइची हारा. त्यात एक टोळी मोठ्या माणसांना त्यांच्या लहानपणच्या काळाचा, १९७० मध्ये ओसाकाला भरलेल्या एक्स्पो या जागतिक प्रदर्शनाच्या दिवसांचा मोह घालते, आणि सगळे आईबाबा हळूहळू लहान मुलांसारखे वागायला लागतात, आपल्याच पोरांना ओळखेनासे होतात. हिरोशीसुद्धा. तो मनाने छोटा मुलगा होऊन बसलाय आणि चंद्रावरून आणलेला दगड बघायचाच म्हणून रडतोय. शिनचॅनला बाबा परत हवेत, तर तो काय करतो? बाबांचा बूट काढतो आणि त्यांच्याच नाकाला लावतो.

थिएटरमधली मुलं इथे हसणार हे ठरलेलंच. पण त्या वासाबरोबर हिरोशीला सगळं आठवायला लागतं, आणि पडद्यावर एक शब्दही न बोलता त्याचं आयुष्य जातं. लहानपणी वडिलांच्या सायकलवर मागे बसलेला तो, शाळा, मोडलेलं पहिलं प्रेम, गाव सोडून नोकरीसाठी शहरात येणं, साहेबाची बोलणी, मग बायको, बाळ, घर, उन्हात पायपीट, रात्री उशिरा घरी परत येणं. मग तो पोराला जवळ घेतो आणि रडतो. तो वास म्हणजे इतकी वर्षं कुटुंबासाठी केलेल्या पायपिटीचा वास आहे, हे सिनेमा कुठेही बोलून दाखवत नाही.

बघा, इथे मुलांसाठी एक जोक आणि मोठ्यांसाठी दुसरा असं काहीच नाही. वस्तू एकच आहे, बूट. मुलाला त्यात घाण वास दिसतो आणि बाबा परत आले याचा आनंद दिसतो, बापाला त्यात स्वतःचा दिवस दिसतो, आणि कोणालाही वगळलेलं नाही. आणि चित्रं बघाल तर अगदी साधी, वाकडीतिकडी, एखाद्या पोराने काढल्यासारखी. म्हणजे हे जमायला मोठं बजेटच लागतं असंही नाही.

माणसांच्या डोक्यातल्या भावनाच जिथे पात्रं आहेत त्या 'इनसाइड आउट'च्या पहिल्या भागातला जेवणाच्या टेबलवरचा सीन याच जातीचा. मुलगी चिडचिड करतेय, आई बाबांकडे सूचक बघते, आणि आपण बाबांच्या डोक्यात शिरतो तर तिथे मॅच चालू आहे, आई काय म्हणाली कोणी ऐकलंच नाही. मूल हसतं कारण त्याचे बाबा अस्सेच आहेत. आई हसते तेही त्याचसाठी! या सिनेमासाठी दिग्दर्शक पीट डॉक्टर यांनी पॉल एकमन आणि डॅकर केल्टनर या भावनांवर काम करणाऱ्या मानसशास्त्रज्ञांचा सल्ला घेतला होता, आणि मूळ कल्पना त्यांना स्वतःच्या मुलीत वयाबरोबर होणारे बदल बघून सुचली. म्हणजे सुरुवातच एका बापाच्या प्रश्नापासून आहे, मुलाच्या प्रश्नापासून नाही.

आणि हे काही परदेशी डोक्याचंच काम आहे असं समजू नका. रत्नाकर मतकरींचं 'अलबत्या गलबत्या' आठवा, चिंची चेटकीण आधी दिलीप प्रभावळकरांनी केली आणि २०१८ मध्ये वैभव मांगलेंनी, बालनाट्य म्हणून मुलांना घेऊन गेलेले आईबाबा स्वतः पोट धरून हसले. ॲनिमेशन नाही ते, पण तत्त्व तेच, चेटकिणीला मुलं घाबरत घाबरत हसतात आणि मोठे तिच्या प्रत्येक हावभावाला दाद देतात.

"पण मग ते मुलांसाठी राहतं का?"

हा आक्षेप रास्त आहे आणि शिनचॅनच्याच बाबतीत तो आपल्याकडे फार जोरात आला. मुळात शिनचॅन ही योशितो उसुई यांची चित्रमालिका १९९० मध्ये सुरू झाली ती मोठ्या माणसांच्या साप्ताहिकात, मुलांच्या मासिकात नाही. १९९२ मध्ये टीव्हीवर आली आणि मुलांनी डोक्यावर घेतली. जपानमध्येही पालक-शिक्षक संघटनेच्या सर्वेक्षणात "मुलांना दाखवू नये असं वाटणारे कार्यक्रम" या यादीत तिचं नाव वर्षानुवर्षं वर असायचं. आपल्याकडे २००८ मध्ये पालकांच्या तक्रारींनंतर ती बंद झाली आणि पुढच्या वर्षी काटछाट करून परत आली.

मला पालकांची तक्रार पोकळ वाटत नाही. पाच वर्षांच्या मुलाला विनोद कळत नसला तरी नक्कल करता येते, आणि अडचण तिथेच आहे. शिनचॅन आईला उलट बोलतो तेव्हा मोठा माणूस हसतो कारण त्याला आईची दमछाक कळते आणि पोराचा निरागस आगाऊपणा कळतो, मुलाला मात्र एवढंच कळतं की असं बोललं की लोक हसतात. म्हणून माझं मत असं की मोठ्यांसाठीचा चावटपणा आणि मोठ्यांसाठीचं सत्य या दोन गोष्टी वेगळ्या धराव्यात. पहिलं काढून टाकलं तरी काही बिघडत नाही. दुसरं काढलं तर सिनेमा पोकळ होतो. बुटाच्या सीनमध्ये पोराने नक्कल करावी असं काही वाईट नाहीये, आणि तरी तो पूर्णपणे मोठ्यांचा सीन आहे.

दुसरी भीती असते की जड विषय आला की मुलं कंटाळतील. 'अप' सिनेमाच्या सुरुवातीला काही मिनिटं संवादच नाहीत, एका जोडप्याचं सगळं आयुष्य येतं, त्यात मूल न होण्याचं दुःखही येतं. लहान मुलाला ते दुःख नेमकं कशाचं हे कळेलच असं नाही, पण दोघांना एका धबधब्याशी जायचं होतं आणि जायचं राहून गेलं हे त्याला नक्की कळतं, आणि पुढच्या सगळ्या धमाल गोष्टीसाठी त्याला तेवढं पुरतं. २००९ चा हा सिनेमा ऑस्करमध्ये सर्वोत्कृष्ट चित्रपटाच्या मुख्य नामांकनात होता, तोपर्यंत तिथे पोचलेला दुसराच ॲनिमेशन सिनेमा.

"मला आवडतं ते फक्त लहानपणीच्या आठवणींमुळे तर नाही?"

काही वेळा हो. टॉम अँड जेरीची ती धून लागली की ज्यांना सुट्टीची दुपार, कैरी आणि आजोळ आठवतं त्यांना त्यात कार्टून किती आणि आजोळ किती हे वेगळं करता येणार नाही, आणि करायची गरजही नाही. पण हा आक्षेप तपासायचा एक चांगला मार्ग आहे. असं कार्टून घ्या जे आजच्या आईबाबांच्या लहानपणी नव्हतंच.

'ब्लुई' ही ऑस्ट्रेलियन मालिका २०१८ मध्ये सुरू झाली, ब्रिस्बेनच्या लुडो स्टुडिओची, जो ब्रम यांनी बनवलेली, शाळेत नुकत्याच जायला लागलेल्या किंवा त्याहून लहान मुलांसाठी. एक निळं कुत्र्याचं पिल्लू, धाकटी बहीण, आई, बाबा. एक भाग फक्त सात मिनिटांचा. अमेरिकेत २०२४ मध्ये स्ट्रीमिंगवर सगळ्यात जास्त मिनिटं बघितला गेलेला कार्यक्रम हाच, साधारण ५,५६२ कोटी मिनिटं. आता यात मुलांनी तेच भाग पुन्हा पुन्हा लावल्याचा वाटा मोठा असणार हे मान्य, पण ज्या आईबाबांना ते ऐकतच स्वयंपाक करावा लागतो ते त्याला वैतागत नाहीत, उलट आवडीने बोलतात, हे या मालिकेचं खरं यश.

त्यात 'क्रिकेट' नावाचा एक भाग आहे, तो मराठी माणसाने बघायलाच हवा. गल्लीतल्या गेट-टुगेदरमध्ये रस्टी नावाचा छोटा मुलगा बॅटिंग करतोय आणि सगळ्या बापांना मिळूनही तो आउट होत नाहीये. मध्ये मध्ये कळत जातं की हा इतका चांगला कसा झाला, किती सराव केला, सैन्यात असलेल्या बाबांचं पत्र कसं आलं. धाकट्या बहिणीलाही खेळात यायचंय. शेवटी बॉल मैदानाबाहेर मारायची सोय असताना तो बहिणीच्या हातात सोपा कॅच देतो. संपलं. मुलासाठी ही मॅचची गोष्ट आहे आणि आउट होणं चांगलं कसं असू शकतं याचं आश्चर्य आहे. मोठ्यांना त्यात दूर असलेला बाप दिसतो, आणि त्याने न सांगताही पोराने काय उचललं ते दिसतं. कुठल्याही आठवणीची उसनवारी नाही, आणि घसा मात्र दाटतो.

मग रोजच्या कार्टूनांना आपण का कंटाळतो?

'छोटा भीम' २००८ पासून आहे, हैदराबादच्या ग्रीन गोल्डचं, 'मोटू पतलू' २०१२ मध्ये आलं, 'लोटपोट' मासिकातल्या जुन्या चित्रकथांवरून. दोन्ही मुलांना प्रचंड आवडतात आणि बहुतेक आईबाबा दहा मिनिटांत उठतात. यात मला त्या मालिकांचा गुन्हा दिसत नाही. त्या बनतातच अशा वेळेसाठी जेव्हा मूल एकटं टीव्हीसमोर बसलेलं असतं आणि मोठे कुकर लावत असतात. रोज दाखवायला भरपूर भाग लागतात, मग साचा ठरतो, समोसा आला, लाडू आला, संकट आलं, मिटलं. मुलाला तो साचाच हवा असतो हे वर बोललोच. थिएटरचं गणित वेगळं, तिथे तिकीट काढणारा शेजारच्या खुर्चीत दोन तास अडकलेला असतो आणि पुढच्या वेळी परत यायचं की नाही ते तो ठरवतो, त्याला कंटाळा येऊन चालत नाही.

पण फक्त पैसा आणि वेळ हे कारण मी पूर्ण मान्य करणार नाही, कारण 'ब्लुई' सात मिनिटांत करते आणि शिनचॅन साध्या रेघांत करतो. खरा फरक लिहिण्यात आहे. बऱ्याच मालिकांत मोठी माणसं फक्त ओरडायला, फसायला नाहीतर वाचवून घ्यायला असतात, त्यांना स्वतःचं काही हवंय, काही जमत नाहीये, असं नसतंच. हॅरीला कर्ज आहे. रस्टीचे बाबा घरापासून लांब आहेत. लेखकाने मोठ्या पात्राला एवढंसं स्वतःचं आयुष्य दिलं तरी पुष्कळ होतं.

डबिंगचं काय?

यावर फार बोललं जात नाही म्हणून थोडं सांगतो. विनोद भाषा बदलली की गळतो, शब्दांचे खेळ तर जवळजवळ सगळेच. चांगले निर्माते म्हणून चित्रसुद्धा बदलतात, 'इनसाइड आउट'मध्ये छोट्या मुलीला नको असलेली भाजी मूळ सिनेमात ब्रोकोली आहे पण जपानसाठी तिथे हिरवी सिमला मिरची काढली, कारण तिथल्या मुलांची नावडती भाजी ती. बाबांच्या डोक्यातली हॉकी मॅचही काही देशांत फुटबॉल झाली. आपल्याकडे बहुतेक घरांत हे सगळं हिंदीतून पोचलं, आणि चांगलं पोचलं, शिनचॅनचा हिंदी आवाज तर घरोघरी नकलेचा विषय झाला. पण मराठी घरातल्या आजीला हिंदी जोक निम्मा कळतो आणि ती उठून जाते, तीच आजी टॉम अँड जेरीला मात्र बसते कारण तिथे बोलायचंच काही नाही. मराठीत रंगभूमीवर आणि टीव्हीवर विनोदाचं टायमिंग असलेले इतके आवाज असताना चांगलं मराठी डबिंग नियमित होत नाही याचं मला मनापासून वाईट वाटतं. तिन्ही पिढ्या एका खोलीत बसवायच्या असतील तर आधी भाषा लागते.

घरी कसं ओळखायचं?

दोन गोष्टी करून बघा. एक, दहा मिनिटं आवाज बंद करा. तरीही हसू येत असेल तर त्या चित्रांत जीव आहे. टॉम अँड जेरीचा 'द कॅट कॉन्सर्टो' बघा, त्यालाही ऑस्कर मिळालंय, टॉम कोट घालून पियानो वाजवतोय आणि पियानोच्या आत झोपलेला जेरी वैतागून त्याच्या बोटांवर झाकण आपटतो, उंदराचा सापळा लावतो, आणि टॉम वाजवणं थांबवत नाही कारण समोर लोक बसलेत. मुलं बोटांना हसतात. ज्याने कधी चारचौघांसमोर काही सादर केलंय तो टॉमच्या चेहऱ्याला हसतो. (इथे मात्र नंतर आवाज परत लावा, सगळी मारामारी फ्रान्झ लिस्ट या संगीतकाराच्या संगीताच्या तालावर आहे आणि ते ऐकायलाच हवं.)

दुसरी गोष्ट, तुम्ही हसलात आणि मुलाने विचारलं "बाबा, का हसलात?" तर उत्तर देता येतंय का बघा. डोक्यावरून जाणाऱ्या जोकाला उत्तर देता येत नाही, आपण "काही नाही रे, बघ पुढे" म्हणतो. बुटाच्या सीनचं उत्तर देता येतं, रस्टीच्या कॅचचं देता येतं, आणि सहा वर्षांच्या मुलालाही ते बऱ्यापैकी कळतं.

आणि एखादं कार्टून मुलाला जीव की प्राण आहे आणि तुम्हाला अजिबात बघवत नाही, तर खुशाल उठा, त्याचं त्याला बघू द्या. प्रत्येक गोष्ट दोघांची असायलाच हवी असं नाही. सुरुवात करायची असेल तर 'ब्लुई'चा तो क्रिकेटचा भाग लावा, आणि घरात कार्टूनला नाक मुरडणारे काका-मामा असतील तर त्यांनाही बोलवा, क्रिकेट आहे म्हटलं की ते सात मिनिटं बसतील.